दोनपणाचे दोन शब्द

इंग्रजीत ‘दोन’ या संख्येभोवती इतके शब्द जमले आहेत, की परभाषिक वाचक त्यांत सहज घोटाळतो. ‘पेअर’च्या लॅटिन मुळात समानता आहे, ‘कपल’च्या मुळात बंधन. ते येथेच सोडून आम्ही ‘ड्युॲलिटी’ आणि ‘डुप्लिसिटी’ या दोन शब्दांकडे वळतो. पहिला म्हणजे निखळ दोनपण. त्यात दोष नाही. दुसऱ्याच्या मुळाशी दुमडण्याची कल्पना आहे. घडीच्या आत काही दडवता येते, म्हणूनच की काय, त्याला कपटाचा वास येतो.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या १८८६ सालच्या डॉक्टर जेकिल व हाइड यांच्या कथेत अखेरचे प्रकरण म्हणजे जेकिलचे लेखी निवेदन. त्यात हे दोन्ही शब्द येतात, आणि त्यांचा क्रम विचार करण्याजोगा आहे. आपल्या छुप्या आयुष्यासंबंधी बोलताना जेकिल आधी ‘डुप्लिसिटी’ म्हणतो. पण आपण ढोंगी नव्हतो, असेही लगेच बजावतो. पुढे मनुष्यस्वभावाचा सिद्धान्त मांडताना तो ‘ड्युॲलिटी’वर येतो. जे आचरण होते, ते आता प्रकृती ठरते. आणि प्रकृतीला शिक्षा कोण देणार? सगळा बचाव या एका शब्दबदलात आहे. आम्हांस तो चलाखीचा वाटतो, आणि स्टीव्हन्सनलाही तसाच दाखवायचा असावा.

मराठीत दोन्ही ठिकाणी ‘दुहेरीपणा’ घातला तर हा बचाव नाहीसाच होतो. पहिल्या ठिकाणी ‘ढोंग’ म्हटले, तर जेकिल जे नाकारतो तेच त्याच्या तोंडी जाते. ‘द्वैत’ म्हणताच वाचक मध्वाचार्यांकडे वळतो. घरी मराठी आणि बाजारात कन्नड, हिंदी वा तेलुगू बोलणाऱ्या आमच्या घराण्यांना हा भेद परका नाही. दोन भाषांत नांदणे हे दोनपण. त्यालाच दुटप्पीपणा म्हणणारे आम्हांस अनेकदा भेटले आहेत.

‘ड्युॲलिटी’ला ‘दोनपण’ पुरेसे आहे. ‘डुप्लिसिटी’साठी आम्ही ‘दुपदरीपण’ सुचवतो. त्यात घडी आहे, आतला पदर आहे, आणि कपटाचा आरोप अजून पुरता ठरलेला नाही. हल्ली ‘दुपदरी’ म्हणताच लोकांना रस्ता आठवतो, हे खरे. पण संदर्भ जेकिलचा असता तेवढी अडचण सोसण्यासारखी आहे.