कामेच्छामंदता : एका निदानाची चिकित्सा

प्रौढ व्यक्तीची कामेच्छा 'मंद' आहे असे म्हणताना ती कोणत्या मापाने मोजली, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा. विल्यम मास्टर्स व व्हर्जिनिया जॉन्सन यांच्या 'ह्यूमन सेक्शुअल रिस्पॉन्स' (१९६६) या ग्रंथाने या विषयास प्रयोगशाळेची शिस्त आणली, हे श्रेय निर्विवाद होय. परंतु त्यातील चार अवस्थांचे प्रतिसादचक्र उद्दीपनापासून सुरू होते. इच्छेला तेथे स्थानच नाही. या उणिवेचे मूळ अंशतः निवडपद्धतीत असावे. निरीक्षणाखाली आलेल्या ३८२ स्त्रिया व ३१२ पुरुष यांना कामपूर्तीचा पूर्वानुभव असणे आवश्यक मानले होते. साहजिकच मंद इच्छेची माणसे बहुधा प्रयोगशाळेबाहेरच राहिली, आणि आत आलेल्यांचा अनुभव सर्वसामान्य ठरला.

हेलन सिंगर कॅप्लान यांनी १९७७ मध्ये इच्छेला चक्राच्या आरंभी स्थान दिले. त्यामुळे उणीव भरून निघाली, तथापि इच्छा ही आधी व आपोआप उद्भवलीच पाहिजे, असा नवा ग्रह रूढ झाला. रोझमेरी बॅसन यांनी २००० मध्ये मांडलेला विचार या ग्रहाच्या मुळाशी जातो. दीर्घ सहवासातील अनेक स्त्रियांच्या बाबतीत जवळिकीतून उद्दीपन व उद्दीपनातून इच्छा असा क्रम त्यांनी दाखविला. तो मान्य केल्यास आरंभी इच्छा नसणे हा रोग ठरत नाही.

अमेरिकी मनोविकार नियमावलीच्या पाचव्या आवृत्तीने (२०१३) निदानासाठी सुमारे सहा महिन्यांचा काल व त्या व्यक्तीस स्वतःस होणारा लक्षणीय क्लेश आवश्यक मानला. जोडीदाराहून इच्छा कमी असणे, एवढेच कारण तिला पुरेसे वाटत नाही. तरीही उपचारांत गणनेचाच मोह दिसतो. २०१० व २०१३ मध्ये अमेरिकेत नाकारलेले फ्लिबॅन्सेरिन २०१५ मध्ये मान्य झाले. निष्क्रिय गोळीच्या तुलनेत त्याचा लाभ महिन्याकाठी सरासरी अर्धा ते एक समाधानकारक प्रसंग एवढाच होता.

तेव्हा चिकित्सकाने प्रथम क्लेश कोणाचा, हे पाहावे. नंतर नैराश्य, नैराश्यावरील काही औषधांचे परिणाम, प्रोलॅक्टिनची वाढ, पुरुषांतील टेस्टोस्टेरॉनची न्यूनता ही कारणे तपासावीत. परस्परसंबंधांतील ताण व थकवा यांचा विचार मानसोपचारात व्हावा. क्लेश केवळ जोडीदाराचा असेल, तर एकट्या व्यक्तीस रोगी ठरविणे शास्त्रास धरून होणार नाही.