पहिल्या पायदानावरची गाणी

लग्नाची वरात कार्यालयाच्या दारात येते, नवरदेवाची घोडी थांबते आणि बँडमधला क्लॅरिनेटवाला कुणी न सांगता 'सूरज'मधलं 'बहारों' सुरू करतो. शंकर-जयकिशनचं हे गाणं १९६६ साली रेडिओ सिलोनवरच्या बिनाका गीतमालेच्या वार्षिक यादीत पहिलं आलं होतं. त्या वर्षीचं संगीताचं फिल्मफेअरही 'सूरज'लाच मिळालं. सचिनदेव बर्मन यांचं 'गाईड' नामांकनापाशीच राहिलं. माझ्या थोरल्या भावाच्या वहीत १९६६च्या पानावर एकच शब्द लिहिलेला आहे, 'अन्याय'. त्याखाली दोन रेघा इतक्या दाबून ओढल्या आहेत की मागच्या पानावर वळ उठलाय.

दादा गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. गिरगावातल्या आमच्या चाळीत दर बुधवारी रात्री आठ वाजता तो शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लावून बसायचा आणि गाणी क्रमानं उतरवून घ्यायचा. वर्षअखेरच्या यादीला स्वतंत्र पान, आणि त्या पानावर त्याची स्वतःची मतं. गेले काही महिने मी ती पहिल्या क्रमांकाची गाणी वर्षवार लावून पुन्हा ऐकली. लोकांना चांगलं गाणं कळत नाही, हा दादाचा निष्कर्ष वहीभर पसरलेला आहे. तो मला पटत नाही. चार माणसांनी मिळून म्हणायचं गाणं आणि एकट्यानं दिवा मालवून ऐकायचं गाणं, अशा दोन जाती आहेत. गीतमालेची फूटपट्टी पहिल्या जातीची होती आणि ती जात तिनं जवळपास अचूक मोजली. दुसऱ्या जातीला तिच्यावर खूणच नव्हती.

हे कसं झालं, ते समजायला थोडं मागं जावं लागतं. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. हा मराठी माणूस शास्त्रीय संगीताचा अभ्यासक होता आणि चित्रपटगीतांनी देशाची अभिरुची बिघडते, असं त्याला मनापासून वाटत होतं. आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली. त्याच काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं १ एप्रिल १९५५पासून गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण घराघरांत पोचवलं, तेव्हा केसकरांच्या आकाशवाणीला नुसते शिव्याशाप देणं मला जमत नाही. पण सिनेमाचं गाणं ऐकायला देशभरच्या लोकांनी रेडिओची सुई श्रीलंकेकडे वळवली. डिसेंबर १९५२मध्ये तिथे गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचे मुंबईत, आणि टेप विमानानं कोलंबोला जायच्या. सुरुवातीला क्रमवारी नव्हतीच. सात गाणी लागायची, श्रोत्यांनी ती प्रदर्शनाच्या क्रमानं लावायची, शंभर रुपयांचं बक्षीस. पहिल्या कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि वर्षभरात आठवड्याचा आकडा पासष्ट हजारांवर गेला, असं सयानी सांगत. एवढी पत्रं तपासायची कुणी? म्हणून १९५४च्या अखेरीस स्पर्धा गेली आणि पायदानं आली.

पायदान ठरायचं दोन गोष्टींवरून: दुकानांतला रेकॉर्डचा खप आणि गावोगावच्या श्रोता संघांची पसंती. मला इथे खरी मेख दिसते. आमच्या चाळीत एकाच्याही घरी ग्रामोफोन नव्हता. आम्हाला माहीत असलेला रेकॉर्डचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे गणपतीला, सत्यनारायणाला, मुंजीला भोंगे लावणारा लाउडस्पीकरवाला. तो घेणार ते गाणं रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पोचलं पाहिजे. श्रोता संघ तर नावाप्रमाणेच संघ: दहाजणांनी बसून ठरवायचं. खप मोजा की मतं मोजा, दोन्हीकडे गर्दीच मोजली जात होती.

१९५७चं पान घ्या. त्या एका वर्षात 'प्यासा', 'मदर इंडिया', 'नया दौर', 'देख कबीरा रोया' आणि 'दो आँखें बारह हाथ' पडद्यावर आले. वर्षाचं पहिलं गाणं ठरलं 'जनम जनम के फेरे' या चित्रपटातलं रफी-लता यांचं द्वंद्वगीत. संगीत एस. एन. त्रिपाठी यांचं, ज्यांचं नाव पौराणिक चित्रपटांबाहेर फारसं घेतलं जात नाही. दादानं इथे तीन उद्गारचिन्हं काढली आहेत. पण हे गाणं आज ऐकताना मला त्याच्या चालीचा हेवा वाटतो. शिवरंजनीचे पाच स्वर, मध्यम नाही, निषाद नाही; कोमल गंधारावर गळा आपोआप हळवा होतो आणि षड्जावर येऊन टेकतो. गाणं न शिकलेल्या माणसालाही ही वाट चुकत नाही. नऊ वर्षांनी शंकर-जयकिशननी 'बहारों' बांधलं तेही शिवरंजनीतच. वरातीतला क्लॅरिनेटवाला तीस-चाळीस वर्षं तीच ओळ वाजवतो आणि तरी ती मोडत नाही, यामागे त्या पाच स्वरांचं पाठबळ आहे. 'गाईड'मधल्या सचिनदांच्या चाली याहून कितीतरी सूक्ष्म आहेत, हे मी दादाइतकंच मानतो. त्या वरातीत वाजवता येत नाहीत, इतकंच.

आणि याच १९५७च्या पानावर मला दादाविरुद्धही आणि यादीविरुद्धही एक तक्रार आहे. 'जनम जनम'चं गीत लिहिणारे भरत व्यास यांनीच त्या वर्षी 'दो आँखें बारह हाथ'ची प्रार्थना लिहिली. चाल वसंत देसाईंची, कथा गदिमांची, चित्रपट शांतारामबापूंचा, आणि त्यामागे औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग. ही प्रार्थना पुढे कितीतरी शाळांच्या मैदानांवर मुलं ओळीत उभी राहून म्हणत आली. समूहगान म्हणून याहून मोठं काय असणार? पण शाळेतली मुलं रेकॉर्ड विकत घेत नाहीत आणि श्रोता संघात त्यांचं मत धरत नाहीत. समूह मोजण्याच्या कामातही ही फूटपट्टी कधीकधी आखूड पडायची, ती अशी.

सुरुवातीची वर्षं माझ्या दृष्टीनं सर्वांत श्रीमंत. १९५४चा पहिला क्रमांक तलत महमूदच्या 'टॅक्सी ड्रायव्हर'मधल्या गाण्याला मिळाला. इतकं एकाकी गाणं या जागी पुन्हा क्वचितच आलं, आणि माझा सिद्धांत तिथे लंगडा पडतो हे मी मान्य करतो. साहिरचे शब्द, सचिनदांची चाल, तलतच्या आवाजातला तो बारीक कंप. त्या कंपाला नंतर कुणी जागाच ठेवली नाही. १९५६ साली 'सीआयडी'चं मुंबईवरचं गाणं पहिलं आलं. ओ. पी. नय्यर यांनी चालीचा धागा एका जुन्या अमेरिकन लोकगीतातून उचलला होता, पण मजरूहनी त्यात ट्राम, जुगार, बेकारी असं सगळं शहर भरलं आणि ते पूर्णपणे इथलं झालं. १९५८ साली पहिल्या आलेल्या 'सोलवां साल'मधल्या गाण्यात हेमंतकुमारांच्या आवाजाला सोबत करणारा माऊथ ऑर्गन वाजवला होता तरुण राहुलदेव बर्मननं. १९६० साली 'मुगल-ए-आझम' प्रदर्शित होऊनही रोशन यांच्या 'बरसात की रात'मधल्या रफींच्या गाण्यानं अव्वल जागा घेतली, आणि इथे लोकांचा कौल मला दादापेक्षा शहाणा वाटतो. नौशादांचा शिशमहाल बघायचा. रोशन यांची ती रात्र ज्याची त्याला आठवते.

१९६४ साली मात्र माझं मन यादीशी भांडतं. 'संगम'मधलं राधेला हाक मारणारं ते गाणं मजेदार आहे, पण त्याच वर्षी मदनमोहन यांचे 'वह कौन थी' आणि 'हकीकत' आले होते. 'वह कौन थी'मधलं लताबाईंचं पहाडीतलं गाणं आज वीस वर्षांची मुलं गिटार घेऊन गातात. ते एकाच माणसाच्या कानात सांगायचं गाणं आहे, आणि घराघरात एकेकट्यानं ऐकायची सोय आल्यावर त्याचे दिवस आले. मदनमोहन हयात असेपर्यंत वर्षाचं पहिलं पायदान त्यांना कधीच मिळालं नाही. १९७५च्या जुलैत ते गेले. १९७७ साली त्यांचं एक गाणं पहिलं आलं, 'लैला मजनू'मधलं. त्या प्रसंगात लैला मजनूवर दगड मारणाऱ्या जमावाला विनवते. आयुष्यभर एकांतासाठी चाली बांधणाऱ्या माणसाला गर्दीनं मान दिला तो गर्दीशीच बोलणाऱ्या गाण्यासाठी. हे पान दादानं कोरं ठेवलंय.

१९६७ ते १९७० अशी सलग चार वर्षं लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची. ढोलक अशी बोलती कुणी केली नाही, आणि 'मिलन'मधलं 'सावन का महीना' तर उच्चार शिकवण्याच्या निमित्तानं रचलेलं निर्मळ नाट्य आहे. पण याच काळात 'आराधना' आला, सारा देश किशोरकुमारच्या मागे लागला, आणि तरी पहिली जागा 'दो रास्ते'मधल्या बिंदीला मिळाली. राहुलदेव बर्मन यांना तर ही जागा उभ्या कारकिर्दीत एकदाच लाभली, १९७२ साली 'दम मारो दम'साठी. त्या वर्षी 'पाकीजा'ही होता. गुलाम मोहम्मद चार वर्षांपूर्वीच निवर्तले होते. आपल्या ठुमरीच्या वळणाच्या चाली लोकांनी कशा उचलून धरल्या, ते त्यांना बघता आलं नाही. तरीही 'दम मारो दम'ला मी कमी लेखणार नाही. ते गिटारचं आवर्तन आणि आशाबाईंच्या आवाजातली ती धुराची धार, दोन्ही नवी होती, आणि आजही जुनी वाटत नाहीत.

१९७५चं पान सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'रोटी कपडा और मकान'मधलं महागाईचं गाणं त्या वर्षी पहिलं आलं. वर्मा मलिक यांनी लिहिलेलं, लताबाई आणि मुकेश यांच्याबरोबर जानी बाबू कव्वाल आणि नरेंद्र चंचल यांनी गायलेलं. १९७२च्या दुष्काळापासून महाराष्ट्रातल्या बायका मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरत होत्या. १९७४च्या मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप झाला. आमच्या मजल्यावरच्या मावशी त्या मोर्चांना जाऊन आल्या होत्या आणि हे गाणं लागलं की रेडिओचा आवाज वाढवायला सांगायच्या. संगीत म्हणून ते ठीकठाक, कव्वालीचा ठोकळेबाज साचा. पण रेशनच्या रांगेतला संताप या एका वेळी थेट पहिल्या पायदानावर चढला, आणि सिनेमाच्या गाण्याकडून आपण इतकी अपेक्षा पुन्हा फारशी केलीही नाही.

ऐंशीच्या दशकाबद्दल मला फार लिहिवत नाही. १९८१च्या जानेवारीत 'उमराव जान' आला. खय्याम यांनी आशाबाईंचा गळा खालच्या पट्टीत आणून त्यात एक अख्खं लखनौ वसवलं. वर्षाचं पहिलं गाणं ठरलं 'लावारिस'मधलं, अमिताभ बच्चन यांनी स्वतः गायलेलं, बायकोच्या उंची-जाडीवरून थट्टा करणारं. इथे गर्दी मोजण्याची फूटपट्टी मला प्रथमच दुखावते, कारण ज्यांच्यावर हसायचं त्या बायकाही त्याच गर्दीत उभ्या होत्या. १९८३ साली 'सौतन'च्या गाण्यानं उषा खन्ना या एका स्त्री संगीतकाराला वर्षाचा मान मिळाला, याची मात्र तेव्हा म्हणावी तशी दखल कुणी घेतली नाही. १९८७ साली 'नाम'मधलं पंकज उधास यांचं पत्राचं गाणं पहिलं आलं. कोकणातून आखातात गेलेल्या माणसांच्या घरी ते कसं ऐकलं गेलं असेल, याचा विचार मनात आला की त्याच्या चालीतला सरधोपटपणा मला काढून दाखवावासा वाटत नाही.

राहिलं १९६९चं पान. पहिलं गाणं 'इन्तकाम'मधलं, साधनावर चित्रित झालेलं, नशेतल्या स्त्रीचं. दादानं त्यावर फुली मारून 'लताबाईंनी हे गायला नको होतं' असं लिहिलंय. मीही वर्षानुवर्षं तेच मानत आलो. परवा ते गाणं लावलं आणि त्याच्या पाठोपाठ १९५३चं 'अनारकली' लावलं. वार्षिक याद्यांची सुरुवात या चित्रपटातल्या गाण्यानं होते: पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची भीमपलासी, शब्द राजेंद्र कृष्ण यांचे, आवाज लताबाईंचा. 'इन्तकाम'चं गाणंही राजेंद्र कृष्ण यांनीच लिहिलेलं. आणि याच 'अनारकली'मध्ये लताबाईंचं एक दुसरं गाणं आहे, झिंगलेल्या पावलांचं, ज्यात त्या सुरातून न घसरता उचकी देतात. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. 'इन्तकाम'च्या वेळी चाळिशीला आल्या होत्या, आणि ती सोळा वर्षं त्या गाण्यातल्या उचकीत ऐकू येतात. तिथला अडखळ खेळकर नाही. श्वास अपुरा पडल्यासारखा स्वर मधेच सुटतो, आणि सम येईपर्यंत बाईंनी तो अलगद परत हातात घेतलेला असतो. मी ती जागा सात-आठ वेळा मागे नेऊन ऐकली. मग पेन्सिल घेऊन दादाच्या फुलीशेजारी १९६९च्या समासात 'अनारकली, १९५३ पाहा' एवढं लिहिलं.