ललिताजींची काटकसर

जाहिरात ग्राहकाला नवे मूल्य क्वचितच देते. त्याच्या पदरी असलेल्याच मूल्याचा अर्थ ती फिरवते. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर गाजलेली 'सर्फ'ची ललिताजी या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत सुरू केलेल्या 'निरमा'ने स्वस्ताईच्या बळावर 'सर्फ'ची बाजारपेठ पोखरली होती. महाग पावडर काटकसरी गृहिणीच्या गळी कशी उतरवायची, हा 'लिंटास'च्या अलेक पदमसींपुढचा पेच.

तो सुटला संवादाच्या रचनेतून. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी ललिताजी (कविता चौधरी) आधी आपली काटकसर सिद्ध करते. मग पडद्याबाहेरचा आवाज तिला महागड्या पावडरीवरून छेडतो. प्रेक्षकाच्या मनातला आक्षेप अशा रीतीने संहिताच उच्चारते आणि निकालात काढते. काटकसर नाकारली जात नाही. जास्त पैसे मोजणे हाच तिचा खरा अर्थ ठरतो. 'निरमा'चे नाव कोठेही नाही, पण त्या अनुपस्थितीवाचून ही संहिता उभीच राहू शकत नाही.

ललिताजींना 'जी' मिळतो, निर्णयाचा अधिकारही मिळतो; मात्र तो पावडरीच्या निवडीपुरता. कपडे कोणी धुवायचे, हे तो खोचक आवाजही विचारत नाही. 'एरियल'ने २०१५ पासून ते विचारले खरे. २०१६ च्या जाहिरातीत मुलीची ओढाताण पाहून वडील पत्रातून तिची क्षमा मागतात, आणि घरी जाऊन कपडे धुवायला घेतात. पण त्यांच्या प्रायश्चित्तालाही पावडर लागते ती 'एरियल'चीच.