घुमटाखालचें आकाश

कोणत्याहि वास्तूचें परीक्षण करतांना ती कशासाठीं उभी आहे, हा प्रश्न आधीं विचारावा लागतो. देवळाचा गाभारा अंधारा असतो. पण सभामंडपांतून तेथवर जातां जातां उजेड क्रमाक्रमानें मंदावतो, आणि डोळ्यांबरोबर मनहि तयार होतें. तारामंडळाची वास्तु ह्याच कसोटीवर घासून पाहावी, असें आम्हांस वाटतें.

यवतमाळ जिल्ह्यांतील विद्यार्थ्यास जवळचें मोठें तारामंडळ म्हणजे नागपूरचें. गांधीसागर तलावानजीक १९९२ सालीं रमण विज्ञान केंद्र उघडलें व १९९७ सालीं त्यास तारामंडळाची जोड मिळाली. ज्यांचें नांव त्यास दिलें आहे, ते चंद्रशेखर वेंकट रमण सरकारी हिशेबखात्याच्या नोकरींत कांहीं काळ नागपुरांत होते, हा योग मोठा उचित आहे.

अशा वास्तूंत दोन विरुद्ध गरजा एकत्र नांदवावयाच्या असतात. प्रयोगांच्या दालनांत उजेड, गलबला व हात लावण्याची मुभा हवी. घुमटाखालीं काळोख आणि शांतता. जर्मनींत झाइस कंपनीनें १९२३ सालीं ताराप्रक्षेपक यंत्र सिद्ध केलें, तेव्हांपासून घुमटाची आंतली बाजू हाच आकाशाचा पडदा झाला आहे. म्हणून त्याचें मोल आंतून जोखलें पाहिजे. कलकत्त्याच्या बिर्ला तारामंडळास सांचीच्या स्तूपाचें रूप दिलें आहे; तें डोळ्यांस सुखवतें, परंतु आंत बसलेल्या प्रेक्षकास त्याचा कांहीं लाभ नाहीं.

डोळा काळोखास पुरता सरावण्यास सुमारें अर्धा तास लागतो. तरीहि आपल्याकडील तारामंडळांत बहुधा भर उन्हांतून रांगेनें एकदम अंधारांत शिरावयाचें, आणि खेळ संपतांच पुन्हां उन्हांत यावयाचें, असाच क्रम असतो. हा दोष एकट्या नागपूरचा नव्हे. तो ह्या वास्तुप्रकाराचाच आहे. गाभाऱ्यास सभामंडप असतो, घुमटास तो नाहीं.

ह्याउलट उदाहरण पुण्यास आहे. चार्ल्स कोरिया ह्यांनीं रचलेली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधनसंस्था आहे, तारामंडळ नव्हे. तथापि तिच्या मध्यभागीं मोकळें कुंड आहे, आणि आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन ह्यांचे पुतळे तेथें उघड्या आकाशाखालीं आहेत. वास्तूच तेथें मान वर करावयास सांगते.

ही चैनीची गोष्ट नव्हे. झरी जामणी किंवा घाटंजीकडील एखाद्या खेड्यांत उन्हाळ्यांतील अमावास्येस मध्यरात्रीनंतर आकाशगंगेचा पट्टा अजून दिसतो. तें आकाश ज्याच्या अंगणावर आहे, तो मुलगा दीडशें किलोमीटर प्रवास करून घुमटाखालीं बसतो. आपलें आकाश खोटें आणि पडद्यावरचें खरें, असा समज घेऊन तो परतला, तर त्या वास्तूनें त्यास दिलें त्याहून अधिक हिरावून घेतलें, असें म्हणावें लागेल. यवतमाळांत उद्यां असें केंद्र उभें राहिलें, तर त्याचा घुमट लहान असला तरी चालेल; मात्र त्याच्या बाहेरच्या दाराशीं दिव्यांवांचून एक विस्तीर्ण अंगण असावें.