स्कोअर कुणाचा, काम कुणाचं?

पत्रिकेत विषय छापलाय तो असा : ‘जुनी वर्कस्टेशन्स आणि नवी यंत्रं : बेंचमार्कच्या आकड्यांची तुलना’. त्यामुळे आता पडद्यावर लांबलचक तक्ते येणार, अशी तयारी करून काही जण आले असतील. तक्ते आणलेले नाहीत. एखादं पुस्तक हातात आलं की आपण विचारतो ना, हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आणि यात काय गाळलंय, तेच चार प्रश्न आज आकड्यांना विचारायचे आहेत. बेंचमार्क हाही शेवटी कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम असतो. त्याची समीक्षा व्हायला हवी, आणि आपल्याकडे त्याचं नुसतं पारायण होतं.

आपल्या गावात हे बोलायला कारणही आहे. बजाजचा कारखाना १९८५ मध्ये वाळूजला सुरू झाला. त्याच्यामागून व्हेंडर आले, व्हेंडरांमागून टूलरूम आल्या. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममधून शिकून बाहेर पडलेल्या कितीतरी मुलांनी पुढे डाय-मोल्डचं काम धरलं. आठ-दहा माणसांचं युनिट, दोन व्हीएमसी, एक ईडीएम आणि कॅड-कॅमला दोन कॉम्प्युटर, असा हा संसार असतो. तिसरा कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली की प्रश्न उभा राहतो. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेलं एचपी झेड८४० किंवा डेल प्रिसिजन टी७९१० बाजारात मिळतं. विकणारा एका दमात सांगतो : दोन झिऑन, अठ्ठावीस कोअर, छप्पन्न थ्रेड, १२८ जीबी रॅम. आणि शेजारी नवाकोरा आय५ असतो, सहा कोअरचा. आता अठ्ठावीस मोठे की सहा, हे सांगायला काय इंजिनिअर लागतो? (हशा)

मग कुणीतरी मोबाईल काढतं आणि स्कोअर शोधतं. तिथून आपली गोष्ट सुरू होते.

ठोस जोडी घेऊ. झिऑन ई५-२६८० व्ही४ : २०१६ सालचा, चौदा कोअर, १२० वॅट. कोअर आय५-१२४०० : २०२२ सालचा, सहा कोअर, ६५ वॅटचा म्हणून विकला जातो; जोर लावला की ११७ वॅटपर्यंत जातो. पासमार्क या लोकप्रिय बेंचमार्कवर एका झिऑनचा एकूण स्कोअर साधारण सतरा-अठरा हजार येतो, आय५चा एकोणीस हजारांच्या आसपास. म्हणजे बरोबरीच. झिऑन दोन असतील तर जुनं मशीन सरळ पुढे. पण त्याच पानावर खाली बारीक अक्षरात दुसरा आकडा असतो, एका थ्रेडचा. तिथे झिऑन दोन हजारांच्या आत आणि आय५ साडेतीन हजारांच्या घरात. इथे दुसरा झिऑन लावून काहीही फरक पडत नाही.

आता टूलरूममधलं काम काय असतं ते बघा. तुम्ही कोअर-कॅव्हिटीचं मॉडेल उघडता, एक जाडी बदलता, आणि कॅड सगळं मॉडेल पुन्हा बांधायला घेतं. आधी स्केच, त्यावर एक्स्ट्रूड, त्यातून पॉकेट, पॉकेटच्या कडेला फिलेट. फिलेटला पॉकेट लागतं, पॉकेटला एक्स्ट्रूड लागतं. ही रांग आहे. रांगेत पुढच्याचं काम झाल्याशिवाय मागच्याचं सुरू होत नाही. खिडकीवर अठ्ठावीस कारकून बसवले तरी काम एकच करतो, सत्तावीस जण बघत बसतात. त्या दोन आकड्यांवर विश्वास ठेवला तर नव्यावर चार मिनिटांत होणारं काम जुन्यावर सात मिनिटं घेईल. डिझायनर मुलगा दिवसातून चाळीस वेळा असा बदल करत असेल, तर हिशेब तुम्हीच करा.

रेंडरिंगचं उलट. चित्राचे तुकडे पाडून वाटता येतात, तिथे अठ्ठावीस कोअर राबतात. सिनेबेंच हा बेंचमार्क नेमकं हेच मोजतो. तो वाईट नाही, तो रेंडर करणाऱ्याचा बेंचमार्क आहे. तुम्ही महिन्यातून एकदा गिऱ्हाइकाला दाखवायला चित्र काढता, आणि यंत्र निवडता सिनेबेंच बघून. चूक त्याची नाही.

हा घोळ आजचा नाही. १९८४ मध्ये राइनहोल्ड वायकर यांनी ‘ड्राइस्टोन’ नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. त्यात व्हॅक्स-११/७८० या मशीनला सेकंदाला १७५७ फेऱ्या जमायच्या, म्हणून १७५७ म्हणजे ‘एक मिप्स’, सेकंदाला दहा लाख सूचना, असा भाव ठरला. गंमत अशी की तो व्हॅक्स प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम पाच लाख सूचना पार पाडायचा. पायलीच खोटी. तरीही आजही लहान चिप्सच्या माहितीपत्रकांत त्याच मापानं मोजलेले आकडे छापले जातात.

त्यावर उपाय म्हणून १९८८ मध्ये अपोलो, एचपी, मिप्स आणि सन या वर्कस्टेशन बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ‘स्पेक’ ही संस्था काढली. विचार चांगला होता : छोटी खेळणी नकोत, खरे प्रोग्राम चालवू. पण पहिल्याच संचात मॅट्रिक्स-३०० नावाचा एक गणिती प्रोग्राम होता. तो कसा लिहिलाय ते ओळखून कंपन्यांनी आपल्या कंपायलरमध्ये खास युक्त्या घातल्या आणि त्या एका प्रोग्रामचा आकडा आभाळाला भिडला. एकूण स्कोअर ही सरासरी असल्यामुळे त्याच्या जोरावर सगळं मशीनच वेगवान दिसू लागलं. १९९२ च्या संचातून तो काढावा लागला. हे जुनं झालं म्हणाल, तर २०२४ मध्ये स्पेकनंच इंटेलच्या यंत्रांचे २६०० हून जास्त निकाल ग्राह्य नाहीत असं जाहीर केलं, कारण कंपायलर चाचणीतल्या एका ठरावीक प्रोग्रामला ओळखून त्याला झुकतं माप देत होता. बत्तीस वर्षांत माणसं बदलली, कंपायलर बदलले, गाईड वाचून पेपर सोडवायची सवय तीच राहिली. आपल्याकडच्या क्लासेसना यात नवं काही वाटणार नाही.

जुन्या-नव्याच्या तुलनेत मला सगळ्यात जास्त खटकतं ते मात्र वेगळंच. मोजपट्टी बदलते आणि कुणी सांगत नाही. गीकबेंच ५ मध्ये आय३-८१०० या प्रोसेसरला १००० गुण धरले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या गीकबेंच ६ मध्ये आय७-१२७०० ला २५०० धरले. आता कुणी जुन्या चाचणीतला आकडा नव्या चाचणीतल्या आकड्याशेजारी ठेवला, तर ते शेराला किलोशी ताडून बघण्यासारखं झालं. आणि फक्त पट्टी बदलली नाही, प्रश्नही बदलला. पाचव्या आवृत्तीत प्रत्येक कोअरला स्वतंत्र काम मिळायचं. सहाव्यात सगळ्या कोअरनी मिळून एकच काम करायचं असतं. त्यामुळे पुष्कळ कोअरची जुनी वर्कस्टेशन्स एका रात्रीत मागे पडली. यंत्र तेच आहे, टेबलावर आहे तिथेच आहे. घरच्या वापराच्या दृष्टीनं हा बदल योग्य आहे असंच मी म्हणेन. पण रात्रभर चार स्वतंत्र सिम्युलेशन चालवणाऱ्याला तो आकडा गैरसमज करून देतो.

आणखी एक. तुम्ही शोधता तो स्कोअर मशीन नवं होतं तेव्हाचा असेल, तर तो मशीनच्या तारुण्यातला आहे. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या. त्यावरचे उपाय ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आले आणि काही कामांत जुने प्रोसेसर आणखी हळू झाले. शिवाय आठ-नऊ वर्षांत हीटसिंकखालची पेस्ट वाळलेली असते, पंख्यात धूळ बसलेली असते. आपला मे महिना, बाहेर बेचाळीस अंश, शेडमधलं पत्र्याचं छप्पर. यंत्र तापलं की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतं. थंड खोलीत अर्ध्या मिनिटात काढलेल्या स्कोअरचा इथे काय उपयोग? सिनेबेंच आर२३ नं चाचणी दहा मिनिटं चालवायची पद्धत आणली, तेवढं एक बरं केलं.

आता पुण्याकडे वळतो, कारण हीच चूक आपण अभिमानाच्या बाबतीतही करतो. ‘तुमच्या खिशातला मोबाईल परमपेक्षा वेगवान आहे’ हे वाक्य प्रत्येकानं कधी ना कधी ऐकलंय. सी-डॅक १९८८ मध्ये स्थापन झालं. तीन वर्षं, तीस कोटी रुपये आणि एक गिगाफ्लॉपचं लक्ष्य घेऊन विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली काम झालं आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. आकडा म्हणून मोबाईलचं वाक्य खरंच आहे. पण पुष्कळ छोटे प्रोसेसर जोडून त्यांच्याकडून एकत्र काम कसं करून घ्यायचं, ही विद्या तेव्हा इथे शिकली गेली. ती गिगाफ्लॉपमध्ये मोजताच येत नाही. त्यामुळे ते वाक्य खरं असूनही पोकळ आहे.

दुसरं उदाहरण जास्त फसवं आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याच्या सीआरएलचा ‘एका’ हा महासंगणक टॉप-५०० यादीत जगात चौथा आला, लिनपॅक चाचणीवर ११७.९ टेराफ्लॉप. आज गेम खेळायच्या आरटीएक्स ४०९० या एका कार्डाच्या माहितीपत्रकात ८२ टेराफ्लॉपच्या पुढचा आकडा आहे. झालं, लोक म्हणतात, आख्खा ‘एका’ जवळजवळ एका कार्डात बसला! थांबा. लिनपॅकमध्ये हिशेब ६४ बिटांच्या अचूकतेनं करावा लागतो. कार्डाचा आकडा ३२ बिटांचा आहे. ६४ बिटांत तेच कार्ड सुमारे १.३ टेराफ्लॉपवर येतं, चौसष्टावा हिस्सा. शिवाय कार्डाचा आकडा कागदावरचा कमाल आहे, ‘एका’चा प्रत्यक्ष चालवून मोजलेला. म्हणजे फरक नव्वद पटींच्या आसपास राहतो, आणि तोही कार्डाला झुकतं माप देऊन. दोन्ही आकड्यांपुढे ‘टेराफ्लॉप’ हाच शब्द आहे, म्हणून कुणी विचारतच नाही.

हे ऐकून जुनं ते सोनं असा अर्थ कृपया काढू नका. तितकीच घाई जुनं ते भंगार म्हणायचीही नको. त्याच झिऑनला मेमरीकडे जाणारे चार रस्ते आहेत, डीडीआर४-२४०० लावली तर सेकंदाला ७६.८ जीबी. आय५ला दोनच रस्ते. डीडीआर४-३२०० वर ५१.२ जीबी, महागडी डीडीआर५ घेतली तर कुठे बरोबरी. मोल्डमध्ये प्लास्टिक कसं भरेल, भाग ताणाखाली कसा वाकेल, असली सिम्युलेशन्स बरेचदा प्रोसेसरच्या वेगापेक्षा या रस्त्यावर अडतात. जॉन मॅकाल्पिन यांचा ‘स्ट्रीम’ हा बेंचमार्क नेमकं तेच मोजतो. विक्रेत्याच्या तोंडून त्याचं नाव मी आजवर ऐकलेलं नाही. वर जुन्या मशीनमध्ये ईसीसी मेमरी असते, म्हणजे एखादा बिट उलटला तर तो दुरुस्त होतो. रात्रभर चालणाऱ्या गणितात हे महत्त्वाचं आहे आणि कुठलाच स्कोअर त्याचे गुण देत नाही.

एक-दोन प्रश्न घेऊ. हो, मागच्या रांगेत.

प्रश्न : सर, मग आमच्या युनिटनं जुनं घ्यायचं की नाही?

डिझायनरच्या टेबलावर नको. तिथे एका थ्रेडचा वेग लागतो, आणि दोन झिऑनचं मशीन नुसतं चालू असतानाही वीज खातं. समजा फरक शंभर वॅटचा. दिवसाला दहा तास, वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे तीनशे युनिट. तुमच्या बिलातला दर लावून गुणाकार करा आणि तो किमतीत मिळवा. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. सिम्युलेशन करत असाल तर आतल्या खोलीत एक जरूर ठेवा, रात्रीची कामं त्याच्यावर टाका.

प्रश्न : आणि घेण्याआधी तपासायचं कसं?

तुमचीच सगळ्यात जड फाइल घ्या, ज्या मोल्डनं तुम्हाला रडवलंय ती. मशीन एक दिवस युनिटवर ठेवायला देतो का, विचारा. आपल्या परवान्यावर आपलं कॅड टाका, पूर्ण रीबिल्डला किती वेळ लागतो तो मोबाईलच्या घड्याळावर धरा, मग एक टूलपाथ काढा आणि तोही धरा. हेच दुपारी तीन वाजता, एसी बंद करून पुन्हा करा. दोन वेळांत मोठा फरक आला तर बाजूचं कव्हर उघडून हीटसिंक बघा. साफसफाई आणि नव्या पेस्टनं तो भरून निघत असेल तर मशीन ठीक आहे, पण तो खर्च विकणाऱ्याकडून वजा करून घ्या.