महिना १३० रुपये: संशोधनासाठी क्लाउड विकत घ्यावा का?

पीएचडीची नोंदणी झाली, फाइली साठायला लागल्या, की फोनवर एक सूचना येतेच: तुमची जागा भरत आली आहे, प्लॅन घ्या. बारामती-इंदापूर भागातून संशोधनाची तयारी करणारे बरेच जण विचारतात, हा प्लॅन घ्यायचा का? हो किंवा नाही सांगण्याआधी, या पैशांत नेमकं काय मिळतं ते बघू.

गूगलचं उदाहरण घेऊ, कारण बहुतेकांचं खातं तिथेच आहे. १५ जीबी फुकट मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. १०० जीबीचा प्लॅन महिना १३० किंवा वर्षाला १,३०० रुपयांना आहे. पीएचडीला पाच वर्षं धरली तर ६,५०० रुपये. फेलोशिप असेल तर ही रक्कम किरकोळ वाटेल. तासिका तत्त्वावर शिकवत पीएचडी करणाऱ्याला मात्र ती नक्कीच जाणवते.

आता जागा किती लागते? प्रबंधाचा मजकूर, प्रश्नावल्या, एक्सेलच्या फाइली आणि चारशे-पाचशे पीडीएफ धरले तरी दोन-तीन जीबीच्या वर सहसा जात नाही. म्हणजे माळेगाव किंवा भवानीनगरच्या कारखान्याच्या सभासदांचा सर्व्हे करणाऱ्याला जागेसाठी पैसे मोजायची गरजच नाही. जीमेलमधला कचरा काढला, लग्नांचे व्हिडिओ दुसरीकडे हलवले की झालं.

मुलाखती घेणाऱ्याचं गणित वेगळं. एक तासाचं ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात सहाशे एमबीच्या आसपास जातं. चाळीस मुलाखती म्हणजे जवळपास २५ जीबी. तेच १२८ केबीपीएस एमपी३ मध्ये अडीच जीबीच्या आत बसतं. भिगवणला रोहित पक्ष्यांचे रॉ फोटो काढणाऱ्याला तर एका हंगामात ५० जीबी सहज लागते. इथे १०० जीबीचा प्लॅन कामाचा वाटतो. पण थांबा, खरा प्रश्न जागेचा नाहीच.

जाहिरातीत सिंक आणि बॅकअप हे दोन शब्द हातात हात घालून येतात, आणि माझा मुख्य आक्षेप याच गोष्टीवर आहे. सिंक म्हणजे एका ठिकाणी जे होईल ते सगळीकडे होणं. लॅपटॉपवर फाइल पुसली की क्लाउडवरूनही ती जाते. ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, मग कायमची गेली. समजा पावसाळ्यात एक फोल्डर चुकून पुसलं आणि दिवाळीनंतर लक्षात आलं, तर प्लॅनचे पैसे नियमित भरलेले असूनही हाती काही लागत नाही. बॅकअप म्हणजे मूळ फाइल बिघडली तरी शाबूत राहणारी वेगळी प्रत. १३० रुपयांत तुम्हाला जागा मिळते. ही वेगळी प्रत आपणच तयार करायची असते.

मोठ्यांचंही यात चुकतं. क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरून डिसेंबर २०२१ मध्ये ७७ टेराबाइट विदा पुसली गेली, आणि तीही बॅकअपच्याच प्रोग्रॅममधल्या दोषामुळे. १४ संशोधनगटांना फटका बसला, त्यातल्या चार गटांची विदा परत मिळवता आली नाही. दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५ मध्ये एका सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या क्लाउडमधली ८५८ टेराबाइट माहिती गेली, कारण तिची दुसरी प्रतच नव्हती. क्लाउड म्हणजे शेवटी कुणाच्या तरी इमारतीतली यंत्रंच.

आपल्याकडची दुसरी अडचण नेटची. ४० जीबी चढवायचे आहेत आणि अपलोडचा वेग ५ एमबीपीएस आहे, तर सलग अठरा तास लागतात. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर हेच काम २७ दिवस चालेल, आणि तेही दुसरं काही न बघता. वर वीज गेली की वाय-फाय बंद. पुण्यात फायबरवर बसून लिहिलेले सल्ले इंदापूरच्या वाडीवर जसेच्या तसे लागू होत नाहीत.

मग करायचं काय? पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम अजून टिकून आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. एक प्रत लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. क्लाउड परवडत नसेल तर दुसरी हार्ड डिस्क पासवर्ड लावून बारामतीच्या मामांकडे ठेवा. आग, चोरी, शॉर्टसर्किट दोन्ही गावांत एकाच दिवशी होण्याची शक्यता फार कमी. महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एखादी फाइल उघडून बघायची. उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे नुसता भरवसा.

संस्थेच्या खात्यावरही सगळं सोपवू नका. गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद जागा २०२२ मध्ये बंद केली, आणि पदवी झाली की खातं राहीलच असं नाही. स्वतःचा प्लॅन सोडतानाही सावध राहा. मर्यादेपेक्षा जास्त साठा सलग दोन वर्षं तसाच राहिला तर तो पुसला जाऊ शकतो. आणि मुलाखती क्लाउडवर ठेवणार असाल तर संमतीपत्रात तसं लिहा. माणसाने विश्वासाने सांगितलेलं कुठे जाणार आहे, हे त्याला कळायला हवं.

माझं मत असं: निव्वळ मजकूर आणि आकडे असतील तर फुकटची जागा आणि एक हार्ड डिस्क पुरे. जी विदा पुन्हा गोळा करता येणार नाही, तिच्यासाठी मात्र प्लॅन जरूर घ्या, पण तिसरी प्रत म्हणून. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ आजही दिसतं, पण त्याच्याभोवती गाव नांदताना पाहिलेली माणसं आता उतारवयाकडे झुकली आहेत. त्यांच्यापैकी कुणाची मुलाखत हरवली, तर पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन विचारू असं म्हणता येईलच असं नाही. तुमच्या विदेत असं काय आहे, ते आधी कागदावर लिहून काढा आणि मगच प्लॅनचं पान उघडा.