कथिलाचा शोधक : खोली, वस्तुमान आणि शुद्धता

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या जुन्या घरांत पितळी भांड्यांना ज्या कथिलाची कल्हई होत असे, त्यातील दर शंभर अणूंपैकी सुमारे सहा अणू कथील-१२४ या समस्थानिकाचे असतात. या अणुकेंद्रातून दोन इलेक्ट्रॉन एकाच वेळी बाहेर पडून त्याचे टेल्युरियम-१२४ बनणे शक्य आहे. त्या वेळी प्रतिन्यूट्रिनो मुळीच बाहेर पडले नाहीत, तर न्यूट्रिनो हा स्वतःचाच प्रतिकण ठरेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पुढे मांडलेली ‘टिन-टिन’ योजना याच घटनेच्या शोधासाठी आहे. कथील निरपेक्ष शून्याच्या निकट थंड करावयाचे आणि ऱ्हासाने होणारी अत्यल्प तापमानवाढ मोजावयाची, ही तिची पद्धती होय.

योजनेचे सैद्धांतिक मोल वादातीत आहे. एकाच समस्थानिकावर विसंबून काढलेला निष्कर्ष अणुकेंद्रीय गणितातील अनिश्चिततेमुळे अपुरा राहतो. म्हणून निरनिराळ्या मूलद्रव्यांवरील प्रयोग आवश्यकच आहेत. प्रश्न आहे तो शोधकाची सुधारणा कोणत्या दिशेने व्हावी, हा.

पहिले उत्तर खोलीचे. १९१६ साली खुला झालेला, सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा पारसिकचा बोगदा ठाणे-कल्याण मार्गावर असला, तरी त्यावरील डोंगर विश्वकिरण रोखण्यास फारच अपुरा आहे. यास्तव तामिळनाडूतील बोडी येथे, चहूबाजूंनी किलोमीटरहून अधिक खडक असलेले स्थळ निवडले गेले. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्या प्रयोगशाळेस मान्यता दिली. २०२२ मध्ये तामिळनाडू शासनाने सर्वोच्च न्यायालयात विरोध नोंदविला. तथापि खोली विश्वकिरणांना अडविते. खडकातील व खुद्द उपकरणातील थोरियमला अडवीत नाही.

दुसरे उत्तर वस्तुमानाचे. येथे साधा हिशेब उद्बोधक ठरतो. पार्श्वभूमीच्या नोंदी उपस्थित असतील, तर संवेदनक्षमता वस्तुमान व कालावधी यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने वाढते. समस्थानिकाच्या प्रमाणाशी मात्र ती सरळ प्रमाणात असते. कथील-१२४ चे ५.८ टक्के प्रमाण ९० टक्क्यांवर नेल्यास लाभ सुमारे साडेपंधरा पट. तेवढाच लाभ नैसर्गिक कथिलापासून मिळवावयाचा, तर वस्तुमान सुमारे २४० पट वाढवावे लागेल.

इटलीतील ग्रान सासो येथील ‘गेर्डा’ प्रयोग याची साक्ष देतो. जर्मेनियम-७६ चा हा ऱ्हास आढळल्याचा २००१ मधील दावा, २०१३ मध्ये अर्धायुष्याची किमान मर्यादा २.१ × १०²⁵ वर्षे निघाल्यावर टिकणे दुष्कर झाले. २०१५ मधील सुधारणेत सभोवतालच्या द्रव आर्गॉनमधील प्रकाश टिपण्याची सोय झाली व पार्श्वभूमी सुमारे विसाव्या हिश्शावर आली. २०२० पर्यंत एकूण मोजणी सहापटीच्या आतच वाढली होती. मर्यादा मात्र १.८ × १०²⁶ वर्षांवर, म्हणजे साडेआठ पट गेली. केवळ वर्गमुळाच्या नियमाने ती अडीच पटही वाढली नसती.

कथिलाबाबत ही शिकवण अधिकच कठोरपणे लागू पडते. त्याच्या ऱ्हासाची ऊर्जा सुमारे २२९३ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर थोरियम मालिकेतील थॅलियम-२०८ चा गॅमा किरण २६१५ चा. त्याच्या अंशतः शोषणाच्या नोंदी नेमक्या शोधाच्या क्षेत्रात येऊन पडतात. मॉलिब्डेनम-१०० ची ऊर्जा या रेषेच्या वर आहे, शिवाय त्याच्या काही स्फटिकांत उष्णतेसोबत प्रकाशही मिळतो व त्यावरून अल्फाकण वेगळे काढता येतात. धातुरूप कथिलात ही सोय नाही.

म्हणून टिन-टिनची खरी परीक्षा तिच्या आकारात नसून शुद्धतेत आहे. याच हेतूने मुंबईत, जमिनीवरच, अल्प-पार्श्वभूमीची जर्मेनियम मापनव्यवस्था उभारून निरनिराळ्या द्रव्यांतील किरणोत्सर्गी अशुद्धी तपासल्या गेल्या. हे काम पूर्वतयारीचे मानले जाते. वस्तुतः योजनेचा कणा तेच होय. बोगद्याचा निर्णय न्यायालयात व शासनदरबारी होईल, पण कथील, तांबे व वेष्टनद्रव्ये यांची शुद्धता प्रयोगशाळेच्या हाती आहे. ती सिद्ध झाल्यावाचून मिळालेली खोली निष्फळ ठरेल.